निवृत्तीची पुंजी आणि भाड्याचे घर

नोकरदार माणसाच्या हाती आयुष्यात एकदाच मोठी रक्कम येते, ती निवृत्तीच्या दिवशी. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे मिळून वीस-तीस लाखांचा आकडा बँकेच्या पासबुकात दिसतो आणि त्याच आठवड्यात दारात सल्लागारांची रांग लागते. जावई म्हणतो धंद्यात घाला, मुलगा म्हणतो गाडी घ्या, आणि मोहल्ल्यातला दलाल म्हणतो, "चाचा, दोन खोल्या घेऊन टाका. घरबसल्या भाडे खा."

आपल्या समाजात हा तिसरा सल्ला सर्वांत लवकर पटतो. त्याला कारणही आहे. व्याज नको म्हणून मुदतठेवीचा मार्ग अनेकांनी स्वतःहून बंद केलेला असतो. धंद्याचा अनुभव नसतो. हलाल नफ्याच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या योजनांनी तर चांगलेच तोंड पोळले आहे. बंगळुरूच्या आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी या कंपनीचा डोलारा २०१९ मध्ये कोसळला तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची कमाई त्यात अडकली. त्यापेक्षा विटा आणि सिमेंट डोळ्यांनी दिसते तरी, असे लोक म्हणतात. घरभाडे हे उत्पन्न शरिअतीनुसार निःसंशय जायज आहे. तेव्हा घर घेऊन भाड्याने देणे यात गैर काहीच नाही. मात्र जे जायज आहे ते फायद्याचे असतेच असे नाही, आणि जे फायद्याचे दिसते ते सुरक्षित असतेच असेही नाही. म्हणून या विषयावर थोडे रोखठोक लिहिणे आवश्यक वाटते.

प्रथम हिशेब पाहू. उदाहरणादाखल ठाणे जिल्ह्यातील तीस लाखांची सदनिका घ्या. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरले तर २,१०,००० रुपये, नोंदणी फी ३०,००० रुपये, दलाली, रंगरंगोटी आणि नळ-विजेची किरकोळ दुरुस्ती मिळून ६०,००० रुपये. म्हणजे घर पडले ३३ लाखांना. भाडे दरमहा ९,००० रुपये मिळाले आणि वर्षात एक महिना घर रिकामे राहिले, तर वर्षाचे भाडे ९९,००० रुपये. यातून सोसायटीची वर्गणी १८,००० रुपये, घरपट्टी ६,००० रुपये, नवा भाडेकरू आणणाऱ्या दलालाचे एक महिन्याचे भाडे ९,००० रुपये आणि दुरुस्तीचे ८,००० रुपये वजा करा. हाती राहिले ५८,००० रुपये. महिन्याला पाच हजारही नाहीत! गुंतवलेल्या रकमेवर हे प्रमाण पावणेदोन टक्के पडते. दलालाने मात्र आपल्याला नऊ हजार ऐकवलेले असतात.

हेच ३३ लाख रुपये नुसते बाजूला ठेवून दरमहा १५,००० रुपये खर्चले तरी ते अठरा वर्षे पुरतात. महागाईचा विचार केला तर तसे करणे शहाणपणाचे नाही, हे मान्य. घराची किंमत वाढते आणि ते मुलाबाळांना उरते, हेही मान्य. पण वाढलेल्या किमतीने महिन्याचा किराणा भरत नाही. आजारपण आले तर सदनिकेची एक खोली विकता येत नाही. भाड्याच्या घरावर म्हातारपण काढू पाहणाऱ्याने हा फरक आधी ओळखला पाहिजे.

म्हणून आमचे मत असे की, निवृत्तीच्या रकमेतून भाड्याचे घर घेण्यापूर्वी तीन गोष्टी झालेल्या असाव्यात. राहते घर स्वतःच्या नावावर आणि कर्जमुक्त असावे. तीन वर्षांचा घरखर्च आणि दवाखान्याची तरतूद हाती रोख असावी. डोक्यावर कोणाचे देणे नसावे. पत्नीचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तेही देणेच आहे. एवढे करून जे उरेल त्याच्या निम्म्याहून अधिक एका घरात घालू नये. मोठ्या शहरात एक सदनिका घेण्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी कॉलेज, दवाखाना किंवा एमआयडीसीजवळ दोन लहान घरे पुष्कळदा बरी पडतात. एक रिकामे राहिले तर दुसरे चालू असते.

ज्यांची नोकरी अजून शिल्लक आहे त्यांच्यासाठी एक इशारा. प्रॉव्हिडंट फंडातून घरासाठी मधेच रक्कम काढण्याची जी सवलत आहे ती राहत्या घराची गरज भागवण्यासाठी आहे. अर्जावर राहण्याचे कारण लिहायचे आणि घर भाड्याने द्यायचे, हे योग्य नाही. शिवाय आज काढलेली रक्कम निवृत्तीच्या दिवशी तेवढ्याने कमी होते. फंडावर मिळणाऱ्या वाढीव रकमेबाबत उलमांनी केलेला खल हा वेगळा विषय आहे. तो ज्याने त्याने विश्वासू आलिमाला विचारून सोडवावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कागदपत्रे. व्याज टाळण्यासाठी आपले लोक कर्ज न काढता रोखीने घर घेतात. हेतू चांगला आहे, पण त्याचा एक दुष्परिणाम कोणी बोलून दाखवत नाही. कर्ज देणारी बँक स्वतःचे पैसे अडकू नयेत म्हणून जमिनीची मालकी, मंजूर नकाशा आणि बांधकामाची परवानगी वकिलाकडून तपासून घेते. रोखीने घेणाऱ्याच्या व्यवहारात ही तपासणी करणारा कोणीच नसतो. हे बांधकाम व्यावसायिकांना चांगले ठाऊक आहे. ज्या इमारतीवर कोणतीही बँक कर्ज देत नाही, तीच इमारत "बिनव्याजी हप्त्याने" म्हणून आपल्या वस्तीत विकली जाते!

मुंब्र्याजवळ शिळफाटा येथील लकी कंपाउंडमधील इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली. ती अनधिकृत होती आणि बांधकाम चालू असतानाच तीत लोक राहत होते. ७४ माणसे मृत्युमुखी पडली. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीच्या पटेल कंपाउंडमध्ये आणखी एक इमारत रहिवाशांसह बसली. अशा इमारतीत खोली घेऊन भाड्याने देणारा मालक केवळ स्वतःची पुंजी धोक्यात घालत नाही, तो दुसऱ्याची मुलेबाळे त्या छताखाली ठेवतो. याचा जाब फक्त महापालिकाच विचारणार आहे असे समजू नये.

तेव्हा बँकेचे कर्ज नको असले तरी बँक जी तपासणी करते ती आपण अवश्य करावी. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र एवढे कागद मागावेत. बांधकाम चालू असलेला प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. रेरा कायदा २०१६ चा असून १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे अमलात आहे. वकिलाकडून मालकीचा शोध घ्यायला काही हजार रुपये लागतात. तीस लाखांच्या व्यवहारात तेवढ्यासाठी कंजुषी करणारा माणूस आम्हास शहाणा वाटत नाही. "अर्धे काळे, अर्धे पांढरे" असा सौदा तर मुळीच करू नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१५ पासून मनाई आहे. पगडीची खोली स्वस्त मिळते म्हणून ती भाड्याने देण्यासाठी घेऊ नये. पगडीने मिळते ती भाडेकरूची जागा, मालकी नव्हे, आणि ती परस्पर दुसऱ्याला देणे म्हणजे मूळ मालकाशी कोर्टकज्जा ओढवून घेणे.

घर घेतल्यावर करारनामा येतो. "अकरा महिन्यांचा करार आहे, त्याला नोंदणी कशाला?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेपट्टा असो वा लीव्ह अँड लायसन्स, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास वाद उद्भवल्यावर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरले जाते, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. उलट नोंदवलेला करार असेल तर मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जागा सोडेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. जुन्या १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळातल्या गोष्टी ऐकून आजही अनेक जण भाडेकरू ठेवण्यास भितात. नोंदणी करणाऱ्याला तेवढे भ्यायचे कारण उरलेले नाही.

सोसायटीत घर असेल तर भाडेकरू ठेवल्याबद्दल बिनवापर शुल्क भरावे लागते. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. आयकराचा हिशेब करताना भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. जकातीबाबत उलमांचे सर्वसाधारण मत असे आहे की, भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून जे शिल्लक पडते ते इतर बचतीत मिळवून निसाब आणि वर्ष पूर्ण झाल्यावर त्यावर अडीच टक्के द्यावी. पण घर मुळात नफ्याने विकण्यासाठीच घेतले असेल तर ते व्यापारी माल ठरते आणि त्याच्या बाजारभावावर जकात येते. घेतानाच नियत स्पष्ट असलेली बरी.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगितली पाहिजे. "हेवी डिपॉझिट"ची पद्धत आपल्या वस्त्यांत सर्रास आहे. भाडेकरूकडून पाच-सात लाख घ्यायचे, भाडे काहीच नाही, आणि घर सोडताना रक्कम जशीच्या तशी परत द्यायची. बँकेच्या व्याजाला हात न लावणारी माणसे हा व्यवहार बिनधास्त करतात. पण परत करायची रक्कम म्हणजे कर्ज, आणि त्या कर्जाच्या बदल्यात फुकट राहणे हा कर्जावरचा लाभ. उलमा याला सूदच म्हणतात. नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही हा गळफास आहे. डिपॉझिटच्या पैशातून दुसरे घर घेणारा मालक पहिला भाडेकरू उठला की तिसऱ्याच्या शोधात फिरू लागतो. वाजवी भाडे आणि दोन-तीन महिन्यांची अनामत, एवढ्यावर थांबावे.

शिवाय मालक म्हणून आपले वर्तन कसे असावे, याचाही विचार व्हावा. शहरात मुसलमानाला नाव पाहून घर नाकारले जाते, ही आपली तक्रार खरी आहे. पण त्यामुळे मोहल्ल्यात घराला मागणी वाढते आणि तिचा फायदा घेऊन आपलाच मालक गळत्या छताचे भाडे वाढवतो, अनामत परत करताना महिनोन्‌महिने फिरवतो, हेही खरे आहे. बाहेरच्याकडून न्याय मागणाऱ्याने आपल्या उंबऱ्याच्या आत तो आधी द्यावा.

शेवटी वारसाचा प्रश्न. सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे तो इसम मालक झाला, ही समजूत चुकीची आहे. तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. शरिअतीप्रमाणे सर्व वारसांचे, मुलींचेसुद्धा, हिस्से ठरलेले आहेत आणि वारस नसलेल्यासाठी वसियत एक तृतीयांशाच्या आतच करता येते. दोन खोल्यांचे चार वारस झाले की भावाबहिणींचे बोलणे बंद होते. म्हणून घराचे सर्व कागद, करारनामे आणि कोणाचे किती देणे आहे याची वही एका ठिकाणी ठेवावी आणि ती कुठे आहे हे पत्नी व मुलांना सांगून ठेवावे.

भाड्याचे घर ही वाईट गुंतवणूक नव्हे. मात्र तो बसून खाण्याचा मार्गही नव्हे. तो एक लहानसा धंदा आहे आणि त्याला हिशेब, कागद व सचोटी तिन्ही लागतात. पस्तीस वर्षे घाम गाळून मिळवलेली रक्कम दलालाच्या एका संध्याकाळच्या बोलण्यावर सोपवू नये. निदान सहा महिने पैसे हातचे सोडू नयेत. वकील, हिशेबनीस आणि घरातली माणसे यांच्याशी मशवरा करावा, आणि मगच बयाणा द्यावा.