रस्ता रुंदावला, मुक्काम आटला

पुण्याहून पूर्वेकडे निघणारे दोन मोठे रस्ते आहेत. एक वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव करीत शिरूरला पोहोचतो, तेथे घोड नदी ओलांडतो आणि अहिल्यानगरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जातो. दुसरा उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असा दौंड तालुका कापत सोलापूर गाठतो. पहिल्या वाटेवर शनिशिंगणापूर, शिर्डी आणि वेरूळ. दुसऱ्या वाटेवर पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर. सलग दोन-तीन सुट्या जोडून आल्या, की पुण्या-मुंबईची कुटुंबे मोटार काढून या दोहोंपैकी एका रस्त्याला लागतात. निघण्यापूर्वी घरात जी चर्चा होते तिचे विषयही ठरलेले असतात: किती वाजता निघायचे, नाश्ता कोठे करायचा, जेवायला कोठे थांबायचे आणि रात्रीचा मुक्काम कोणत्या गावी.

या प्रश्नांच्या उत्तरांत शिरूर आणि दौंड ही दोन नावे आता क्वचितच येतात. दोन्ही तालुक्यांतून दररोज हजारो वाहने जातात, महामार्गाच्या दुतर्फा हॉटेलांची रांग लागलेली आहे. तरीही तेथे रात्र काढणारा पर्यटक विरळा. येत्या काही वर्षांत या परिस्थितीत आणखी मोठा फरक पडण्याची चिन्हे आहेत. पुणे ते शिरूर या सुमारे ५३ किलोमीटरच्या टप्प्यात सहापदरी उन्नत मार्ग उभारण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. प्रकल्पाचा अंदाजित खर्च साडेसात हजार कोटी रुपयांच्या घरात आहे. वाघोली, लोणीकंद, सणसवाडी, शिक्रापूर येथील रोजची कोंडी ज्याने भोगली आहे, तो या निर्णयाचे स्वागतच करील. मात्र खांबांवरून जाणाऱ्या मोटारीला खाली उतरण्याचे कारण काय उरणार, या प्रश्नाची चर्चा फारशी झालेली नाही.

त्याचे उत्तर शोधायला दूर जाण्याची गरज नाही. शिरूरने शेजारच्या दौंडकडे पाहिले तरी पुरे.

दौंड हे रेल्वेने घडविलेले गाव. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील हे स्थानक जंक्शन बनले. पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला येथे इंजिनाची दिशा बदलावी लागे. तेवढा वेळ गाडी फलाटावर उभी राही, प्रवासी खाली उतरत, चहा-वडा विकला जाई. सक्तीचा का होईना, तो थांबा होता आणि त्यावर गावातील अनेकांचे पोट चालत असे. मोटारींचा काळ आला तेव्हा पुणे-सोलापूर महामार्ग शहरातून न जाता आठ-दहा किलोमीटर दक्षिणेला कुरकुंभवरून गेला. सोलापूरला वर्षानुवर्षे ये-जा करूनही दौंड शहर न पाहिलेले लोक पुण्यात पुष्कळ भेटतील. अलीकडे रेल्वेनेही कॉर्ड लाइन टाकून इंजिन फिरविण्याचा खटाटोप संपविला. त्या मार्गाने जाणाऱ्या गाड्या आता जंक्शनला वळसा घालतात. प्रवाशाचा वेळ वाचला, रेल्वेचाही वाचला. या दोन्ही निर्णयांत चूक काढता येणार नाही. पण दोन्हींचा हिशेब मांडताना गावाचा थांबा कोणत्याही रकान्यात धरला गेला नव्हता, हेही तितकेच खरे.

शिरूरची कथा थोडी वेगळी आहे. जुन्या लोकांच्या तोंडी हे गाव घोडनदी. पेशवाईच्या अखेरच्या काळात येथे इंग्रजांची छावणी होती, ती याच वाटेवरील टप्पा म्हणून. पुण्यापासून सुमारे ६५ ते ७० किलोमीटर, म्हणजे नगरच्या निम्म्याहून थोडे अधिक अंतर. पायी आणि घोड्यावरून प्रवास होई तेव्हा ही मुक्कामाची जागा होती. एसटीच्या काळात ती चहापाण्याची झाली. बाह्यवळण रस्ता झाल्यावर पर्यटकाच्या दृष्टीने ती केवळ पाटीवरचे नाव झाली. रांजणगाव औद्योगिक वसाहतीमुळे परिसरात चांगल्या खोल्यांची हॉटेले आली, पण त्यांचा मुख्य ग्राहक कंपन्यांच्या कामासाठी येणारा अधिकारी वा अभियंता आहे. आजी-आजोबा आणि दोन मुले घेऊन निघालेल्या कुटुंबाची सोय हा त्यांचा विषय नाही.

वास्तविक अष्टविनायकांची यात्रा या भागाला मोठे बळ देऊ शकली असती. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यातच आहे. थेऊर सोलापूर रस्त्यापासून जवळ आहे. चौफुल्याहून सुप्यामार्गे मोरगावला जाता येते. सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात असले, तरी भीमा ओलांडली की पलीकडे दौंड तालुका. पूर्वी भाविक नावेतून नदी पार करीत, आता पूल झाला आहे. आठांपैकी चार स्थाने अशी या दोन रस्त्यांच्या आसपास आहेत. परंतु दोन दिवसांच्या प्रचलित यात्रेचे वेळापत्रक पाहिले, तर ही चारही दर्शने बहुधा पहिल्याच दिवशी उरकली जातात आणि बस मुक्कामाला ओझरच्या भक्तनिवासाकडे पळते. शास्त्रोक्त क्रमाप्रमाणे मोरगावहून आरंभ करून पुन्हा मोरगावीच सांगता करण्याची प्रथा वेळेअभावी बहुतेकांनी सोडून दिली आहे. चार गावे, चार दर्शने आणि रात्र एकही नाही.

मुक्कामाचे गाव कसे निवडले जाते, हेही बदलले आहे. पूर्वी ओळखीचा एखादा ट्रकचालक वा एसटीचा वाहक सांगे, की अमुक ठिकाणी जेवण बरे मिळते. आता मोबाइलवरील नकाशा आणि त्यावरील तारे सांगतात. ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. नवख्या माणसाला तिचा उपयोग होतोच. पण तारे देणारा बहुधा मिसळीच्या तर्रीला वा मटणाच्या रश्श्याला गुण देतो. स्वच्छतागृह कसे आहे, आत वळताना आणि बाहेर पडताना दुभाजकातील धोकादायक छेद ओलांडावा लागतो का, चालकाला तासभर आडवे होण्यास जागा आहे का, गुडघेदुखीच्या रुग्णाला जिना चढावा लागेल का, हे त्या ताऱ्यांतून कळत नाही. प्रवासात त्रास मात्र याच गोष्टींचा होतो. उलट्या दिशेने येणारी दुचाकी आणि हॉटेलसमोर रस्त्याच्या कडेलाच उभे केलेले मालमोटारींचे तांडे पाहिले, म्हणजे थांबण्याची जागा हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे हे लक्षात येते.

हॉटेलांच्या पाट्यांचीही एक भाषा आहे. ‘फॅमिली गार्डन’, ‘प्युअर व्हेज’, ‘लॉजिंग-बोर्डिंग’, ‘परमिट रूम’. यांतील शेवटचे दोन शब्द एकत्र दिसले, की कुटुंबप्रमुख गाडीचा वेग कमी करीत नाही. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आणि एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. पुढे लहान गावांसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले आणि नगरपालिका हद्दींनाही सूट मिळाली. काही महिन्यांच्या या उलथापालथीत मद्यावर चालणारा व्यवसाय आणि जेवणावर चालणारा व्यवसाय हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, हे रस्त्यावरच्या अनेकांना प्रथमच उमगले असावे. पण कुटुंबाला विश्वास वाटेल अशा स्वस्त आणि स्वच्छ खोल्या त्यातून निर्माण झाल्या नाहीत. करांची धरसोड तर सर्वज्ञात आहे. एक हजार रुपयांपर्यंतच्या भाड्याच्या खोलीला जीएसटी माफ होता. जुलै २०२२ पासून त्यावर १२ टक्के कर आला. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांना सरसकट ५ टक्के दर झाला. तालुक्याच्या गावातील आठ-दहा खोल्यांचे लॉज आणि शहरातील मध्यम हॉटेल यांचा दर आता एकच आहे. पर्यटकाला ही सवलतच; लहान लॉजला मात्र पूर्वीची माफी परत मिळालेली नाही.

प्रवासाचा बेत आखताना या दोन रस्त्यांचे पंचांगही पाहावे लागते, आणि ते नकाशावर आयत्या वेळी उमटते. १ जानेवारीला पेरणे येथील विजयस्तंभास अभिवादनासाठी लाखो लोक येतात. त्यामुळे आदल्या दिवसापासून नगर रस्त्यावरील वाहतूक वळविली जाते आणि नगरकडून पुण्याला येणारी वाहने शिरूरहून न्हावरा, पारगाव, चौफुला, यवतमार्गे हडपसरकडे पाठविली जातात. एरवी एकमेकांकडे पाठ करून असलेले हे दोन रस्ते आणि दोन तालुके त्या दिवशी जोडले जातात. वर्षअखेरीच्या सहलीवरून परतणाऱ्यांनी हा वळसा आधीच धरून चालावे. आषाढ वारीच्या दिवसांत सोलापूर रस्त्यावर तुकोबांची पालखी असते. आणि दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला, की दोन्ही तालुक्यांत उसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात. या महिन्यांत सूर्यास्तानंतर गाडी न हाकणे आणि मिळेल त्या बऱ्या गावी मुक्काम करणे, हाच शहाणपणाचा बेत. अर्थात, त्यासाठी ‘बरे गाव’ वाटेत शिल्लक असावे लागते.

मुक्काम आखण्याची कला या वाटेला नवी नाही. तुकोबांच्या पालखीचा लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी, बारामती हा क्रम म्हणजे या रस्त्यावरील प्रवासाचा सर्वांत जुना बेत होय. माणूस दिवसात किती चालू शकतो यावर तो ठरला आहे. यवतला पालखी पोहोचते तेव्हा गाव पिठले-भाकरी घेऊन उभे असते. एका रात्रीसाठी एवढ्या माणसांची सोय करणाऱ्या गावाला उरलेले वर्षभर येणाऱ्या प्रवाशाची सोय जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. तेथून गाडी सुसाट निघून जाते, एवढेच.

ती थांबविता येते, याची उदाहरणेही याच टापूत आहेत. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे महामार्गापासून आत असलेले गाव. मोर पाहण्यासाठी, शेतातील घरी चुलीवरचे जेवण्यासाठी लोक वाट वाकडी करून तेथे जातात आणि मुक्कामही करतात. कृषी पर्यटनाचे धोरण राज्याने २०२० मध्ये आणले. चिंचोलीकरांनी त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती. दौंडच्या पुढे इंदापूर तालुक्यात भिगवण आहे. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि ताज्या मासळीच्या जेवणासाठी एरवीही गाड्या वळतात. निघोजचे रांजणखळगे, वढू बुद्रुकची संभाजी महाराजांची समाधी आणि रांजणगावचा गणपती ही ठिकाणे शिरूरला एक रात्र राहून सहज पाहता येतात. दौंडहून सिद्धटेक सुमारे २० किलोमीटर आणि पेडगावचा भुईकोट किल्लाही जवळच. हा बेत कोणत्याही सहल कंपनीच्या पत्रकात दिसत नाही.

उन्नत मार्ग होण्यापूर्वी समृद्धी महामार्गाचा अनुभव लक्षात घेणे इष्ट ठरेल. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला तेव्हा शेकडो किलोमीटरच्या त्या वाटेवर उपाहारगृहे आणि स्वच्छतागृहे यांची वानवा होती. अपघात वाढले, तशी न थांबता चालविल्याने येणाऱ्या गुंगीची चर्चा सुरू झाली. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्गांसाठी ‘हमसफर’ धोरण जाहीर करून स्वच्छतागृहे, बालसंगोपन कक्ष, चाकाच्या खुर्चीची सोय, वाहनतळ यांचा आग्रह धरला. रस्ता झाल्यानंतर सुविधा आणण्याऐवजी आराखड्यातच त्या धरणे स्वस्त पडते.

पुणे-शिरूर मार्गाबाबत ही संधी आहे. उतारमार्ग रांजणगावला दिला, तर यात्रेकरू खाली उतरेल. केवळ औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी दिला, तर उतरणार नाही. शिरूरला मार्ग जेथे जमिनीवर येईल, तेथे विश्रांतीस्थळासाठी भूखंड राखायचा झाल्यास त्याचे गाळे एकाच बड्या ठेकेदाराला देणार, की काही वाटा स्थानिक हॉटेलचालक व महिला बचत गटांना मिळणार? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील फूड मॉलमध्ये काय घडले, हे जुन्या महामार्गावरील खोपोली परिसरातील दुकानदार सांगू शकतील. हे निर्णय निविदेच्या अटींत होतात आणि ग्रामपंचायती व नगर परिषदेच्या कानावर बहुधा खांब उभे राहिल्यावर येतात. शिरूर नगर परिषदेने आणि रस्त्यावरील ग्रामपंचायतींनी उतारमार्गांच्या जागा व विश्रांतीस्थळांबाबतचे आपले म्हणणे त्यापूर्वीच लेखी नोंदविणे आवश्यक आहे.