घरबसल्या!

जाहिराती लिहिणाऱ्यांनी मराठीतला एक मोठा लबाड शब्द हाताशी धरला आहे. तो शब्द म्हणजे ‘घरबसल्या’. घरबसल्या नोकरी करा, घरबसल्या कमवा! ऐकणाऱ्याला वाटावे, बाई झोपाळ्यावर बसून पाय हलवते आहे आणि पैसे आपोआप पदरात पडताहेत. हा शब्द योजणाऱ्याने एक दिवस आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात येऊन बसावे, असे माझे त्याला दिवाळीचे आग्रहाचे आमंत्रण आहे.

माझी आई याच भागात घरबसल्या विड्या वळीत असे. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू, आणि हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत खाली घातलेली मान. माझे शिक्षण मॅट्रिकपाशीच थांबले; तरी आज मी बालवाडीत शिकवते, चार कादंबऱ्याही लिहिल्या, याचे श्रेय त्या वाकलेल्या मानेला आहे.

आमच्या शेजारची मुलगी तर पदवीधर. दोन खोल्यांच्या घरात, कानाला हेडफोन लावून, ती आठ-आठ तास लोकांच्या तक्रारी ऐकते. कुणाचा फ्रीज गार होत नाही, कुणाचे पैसे कापले गेले, कुणाचे पार्सलच आले नाही. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कानडी आणि सिनेमात हिंदी, अशा चार भाषा तिला सोलापूरने फुकट शिकविल्या. कंपनीनेही त्या फुकटच घेतल्या; पगार एकाच भाषेचा!

तिच्या शेजारी बसून तिची आजी अजून विड्या वळते. तंबाखूच्या धुळीने आजीला खोकला जडला आहे. आजी खोकू लागली, की नात झटकन बटण दाबून आवाज बंद करते. एखाद्या वेळी बटण दाबायचे राहिले, तर ‘घरातला आवाज आला’ म्हणून तिचे गुण कापले जातात. समोरच्या घरात यंत्रमागाचा खडखडाट चाललेला. तो काय बटणाने थांबतो? वीज गेली, तर तेवढ्या वेळेची मजुरी बुडाली. वीजबिल तिचे, इंटरनेटचे पैसे तिचे, खोली तिच्या वडिलांची. अहो, विडीचा कारखानदार पाने-तंबाखू तरी देत होता!

आणि एवढे करून तिच्या करारात काय लिहिले आहे? ती नोकर नव्हे, ‘स्वतंत्र व्यावसायिक’ आहे!

हे वाचून आम्हा सोलापूरकरांना हसू येते, कारण ही युक्ती आमच्या ओळखीची आहे. विडी कारखानदारही हेच म्हणत : बाई आपल्या घरी बसते, सवडीने वळते, तिच्यावर आमची देखरेख कुठे आहे? १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार ठरविले. तरी भविष्यनिर्वाह निधीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाच. १९८५ साली न्यायालयाने निकाल दिला, की विड्या नापसंत करून परत करण्याचा हक्क ज्याच्या हाती आहे, त्याचा ताबाही त्या कामावर आहे. तो जुना कायदा २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहितेत विरून गेला. पण त्या निकालामागचा न्याय काही विरलेला नाही. विडी नापसंत करणे आणि बोलण्याचे गुण कापणे, यांत फरक तो काय?

आणखी एक गंमत पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने नियम सैल केले आणि घरून फोन घेणाऱ्याला कंपनीच्या केंद्राचाच दूरस्थ एजंट मानले. म्हणजे फोन घेताना ती कंपनीची, आणि वीजबिल आले, की ती स्वतंत्र!

घरचे काम वाईट, असे मी म्हणत नाही. या कामामुळे तिला पुण्यात खोली शोधत हिंडावे लागले नाही, हे खरे आहे. माझे म्हणणे एवढेच, की कामाला काम म्हणा. वेळ ठरवा, विजेचे पैसे द्या, गुण कापलेत तर दाद मागायला जागा ठेवा. १८७७ साली सुरू झालेल्या आमच्या जुन्या मिलचा भोंगा कधीच मुका झाला. पण तो होता तोवर दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे कामगाराला कळत तरी होते. घरातल्या कामाला भोंगाच नाही.

पण सारा दोष कंपनीच्याच माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. ‘घरीच तर असतेस, जरा कुकर लाव,’ ‘घरीच तर आहेस, पाहुण्यांना चहा टाक,’ हे तिला कंपनी सांगत नाही, आपण सांगतो. माझी आई विड्या वळीत होती तेव्हा मीही तिला हाक मारून पाणी मागत असे. सूप खाली ठेवून ती उठे आणि हजाराचा हिशेब रात्रीवर जाई. हे मला आज आठवते आणि टोचते.

यंदा चकल्या तळताना आतल्या खोलीत कुणी फोनवर बोलत असेल, तर तिला हाक मारू नका. ती घरबसली नाही. ती कामावर गेली आहे. घाणा तुम्हीच काढा, आणि ती परत आली की पहिली चकली तिच्या हातावर ठेवा.