कोणाला 'ढ' म्हणू नये

आमच्या चौथीच्या वर्गात 'ढ' हा शब्द फार चालतो. पाढा चुकला की ढ, वही कोरी असली की ढ. माझे मत आहे की हा शब्द बंद करावा.

वर्गातला एक मुलगा पठारावरच्या धनगरवाड्यातून येतो. यायला एक तास लागतो, आणि ओढा भरला म्हणजे येताच येत नाही. आपल्या मावळातला पाऊस काय एकदोन दिवसांचा असतो का? भाताच्या लावणीत घरची सगळी माणसे खाचरात, मग गुरे आणि धाकटी बहीण त्याच्याकडे. त्याच्या घरी वाचता येणारे कोणी नाही. गृहपाठ अडला तर विचारणार कोणाला, म्हशीला? माझी ताई बारावीत आहे, शेजारच्या काकांकडे रोज पेपर येतो. माझी वही पूर्ण असते त्यात माझी हुशारी थोडी आणि ताईची जास्त.

तोच मुलगा मे महिन्यात आईबरोबर कार्ल्याला एकवीरेच्या पायथ्याशी करवंदे-जांभळे विकतो. वीस रुपयांचा वाटा. गिऱ्हाइकाने तीन वाटे घेऊन शंभराची नोट दिली तर चाळीस परत, हे तो बोटे न मोजता सांगतो. हेच गणित पुस्तकात आले की अडतो, कारण वाचण्यातच त्याचा वेळ जातो. म्हणजे डोके आहे, वाचायची सवय नाही. ती सवय घरात लागते.

गुरुजींनी आम्हांला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची माहिती सांगितली. अनुताई आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. या दोघींनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली. गरीब वस्तीतली मुले येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना नावे ठेवली नाहीत, त्याच वस्तीत गेल्या आणि अंगणात बालवाडी भरवली. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. हे मला लई आवडले. गुरे चरतात आणि मुले शिकतात!

आता २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या सगळ्या मुलांना शिक्षण मोफत आहे. शाळेत पुस्तके मिळतात, दुपारी जेवण मिळते. पण घरी गेल्यावर अभ्यास कोण घेणार, ते कायद्यात कुठे आहे?

म्हणून गुरुजी, गृहपाठासाठी शाळा सुटायच्या आधी अर्धा तास द्यावा. ज्याला येते त्याने दुसऱ्याजवळ बसावे. पठारावरची मुले लांब जातात, त्यांना तरी घरी लिहायला देऊ नये. आणि आलेल्या पालकांना विनंती, तुम्हांला वाचता येत नसले तरी मुलाला रोज एक धडा मोठ्याने वाचायला लावा. आमची आजी शाळेत गेलेली नाही, पण मी कुठे अडखळलो ते तिला बरोब्बर कळते.