वानखेडेचा उजेड, भिवपुरीचं पाणी

१२ मे २०२२. वानखेडेवर मुंबई-चेन्नई आयपीएल सामना, आणि विजेच्या घोळात पंचांचा निर्णय फेरतपासणारी डीआरएस यंत्रणाच बंद! डेव्हॉन कॉनवेला पायचीत दिलं. दाद मागायची सोयच नव्हती.

मुंबईच्या विजेचा जुना आधार घाटाखाली आहे. खालापूर तालुक्यातलं खोपोली जलविद्युत केंद्र १९१५चं, कर्जतजवळचं भिवपुरी १९२२चं. मावळातल्या तलावांचं पाणी जाडजूड नळांतून घाट उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि पाताळगंगा, उल्हास नद्यांना मिळतं. अशी केंद्रं काही मिनिटांत सुरू होतात. ऐन सामन्याच्या संध्याकाळी हाच गुण मोलाचा.

२०२३मध्ये भिवपुरीच्या १००० मेगावॅट उदंचन (पाणी पुन्हा वर चढवून वापरणाऱ्या) प्रकल्पाचा करार झाला. २०३६च्या ऑलिम्पिकवर भारताचा डोळा आहे, तेव्हा अशी वीज लागेलच. मात्र पाण्यालाही मर्यादा आहे: २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाने आयपीएल सामने राज्याबाहेर धाडले होते. मोठ्या स्पर्धांच्या आयोजकांनी डिझेल जनरेटरच्या भाड्याआधी घाटातून उतरणाऱ्या पाण्याचा आणि नदीकाठच्या गावांचा हिशेब मांडावा.