आधी आडनाव, मग भाडं



नोकरीची ऑर्डर आली की घरात पेढे वाटतात. रात्री पोरगं हळूच विचारतं, "मंचरला आपलं कोण आहे?" मंचर असो, नारायणगाव असो, खोली बघायला गेलं की भाड्याच्या आधी आडनाव विचारतात. आणि शिबिरातले वक्ते सांगतात, आत्मविश्वास वाढवा!

१९१७ साली बाबासाहेब बडोद्यात रुजू झाले ते कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून. आत्मविश्वास कमी होता का? हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती, म्हणून पारशी नाव लावून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात आले. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळलं. मग कामाठी बागेत पाच तास बसून मुंबईची गाडी पकडली.

तेव्हा आडनाव सांगताना अडखळणाऱ्या पोरांना भित्रे म्हणू नका. मीही म्हणायचो. चुकलंच ते.

लेणी दाखवायला आपण जुन्नरला गाड्या भरून नेतो. त्याच जुन्नरात बदलून आलेल्या आपल्या नर्सताईने पहिले आठ दिवस कुठे काढायचे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? जुन्नर-आंबेगावातल्या प्रत्येक विहारात एक वही ठेवू. कोण खोली देतं, कोण आडनाव ऐकून नाही म्हणतं, दोन्ही त्यात लिहू. रुजू होणाऱ्याने आठवडाभर आधी कळवावं, एसटी स्टँडवर घ्यायला कुणीतरी जाईल. पहिला आठवडा मी जातो.