गाठोड्यांतलीं नांवें

या अंकाच्या मराठी विभागासाठीं निबंध गोळा करण्याचें काम आमच्याकडे असतें. गेल्या वर्षीं तें करीत असतां आमच्या हातून एक अन्याय घडला. त्याची हकीकत आधीं सांगून मग आपलें मत मांडावें, हें आम्हांस बरें वाटतें. कारण मत त्या हकीकतींतूनच निघालेलें आहे, आणि अन्याय ज्यांच्यावर झाला तीं मुलें व त्यांचे आईबाप हेच या पृष्ठांचे वाचक आहेत.

प्रत्येक वर्गाच्या मॉनिटरनें आपल्या वर्गांतील निबंधांच्या फायली एका 'झिप' फाइलींत बांधून आणाव्यात, अशी सूचना होती. गाठोडीं वेळेवर आलीं. मराठीबरोबर संगणकाचा तासहि आमच्याकडेच असल्यामुळें, तीं एक एक करून हातानें सोडीत बसण्यापेक्षां पायथॉन भाषेंत लहानसा प्रोग्रॅम लिहून सर्व नांवांची यादी करावी, असें आम्हीं ठरविलें. यादी झाली. एका वर्गाच्या गाठोड्यांत तेवीस फायली होत्या. पैकीं चौदांचीं नांवें सरळ वाचतां येत होतीं. उरलेल्या नऊ फायलींच्या नांवांत ग्रीक भाषेंतील आल्फा, डोक्यावर लाट असलेलें स्पॅनिश एन, उलटें प्रश्नचिन्ह असल्या चिन्हांची रांग लागलेली होती. पोरांनीं थट्टा केली असावी किंवा फायली बिघडल्या असाव्यात, असें समजून आम्हीं यादीवर त्यांच्यापुढें 'निकामी' हा शेरा मारला. त्या उघडून पाहण्याचे कष्ट मात्र घेतले नाहींत.

बक्षीससमारंभ आटोपल्यावर आठवडाभरानें त्या वर्गांतील एका मुलाचे वडील शाळेंत आले. गृहस्थ शांत स्वभावाचे. म्हणाले, "सर, मुलानें वाईट लिहिलें असेल तर तसें सांगा. पण त्यानें कांहीं दिलेंच नाहीं, असें मात्र म्हणूं नका. तीन रात्री जागून लिहितांना मीं त्याला पाहिलें आहे." मुलगा मागें उभा होता. त्यानें घरून आणलेली मूळ फाइल आम्हांस दाखविली. तिचें नांव होतें 'नदी'.

तेव्हां आम्हीं तें गाठोडें पुन्हां काढून नीट तपासलें. ज्या चौदा मुलांनीं आपल्या मराठी निबंधाच्या फाइलीस इंग्रजी अक्षरांत नांव दिलें होतें, त्यांचे निबंध आमच्यापर्यंत सुरक्षित पोहोंचले होते. ज्या नऊ मुलांनीं मराठी स्पर्धेसाठीं मराठी लिपींत नांव लिहिलें, तेवढींच आम्हीं बाजूस टाकलीं होतीं.

हें कसें घडलें, तें समजण्यासाठीं या गाठोड्याची बांधणी थोडी पाहिली पाहिजे. पुण्याच्या पेशवे दप्तरांत जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात, हें पुष्कळांस ठाऊक असेल. झिप फाइल हा तसलाच एक रुमाल होय. भेद इतकाच, कीं येथें कागद बांधण्यापूर्वीं आंखडले जातात, आणि आंत काय काय आहे याची यादी रुमालाच्या अगदीं शेवटीं ठेवलेली असते. ही रचना अमेरिकेंतील मिल्वॉकी शहराच्या फिल कॅट्झ नांवाच्या तरुणानें १९८९ सालीं केली आणि ती कोणीहि वापरावी म्हणून प्रसिद्ध केली. आजहि प्रत्येक झिप फाइलीच्या आरंभीं 'पी' आणि 'के' हीं त्याच्या नांवाचीं दोन आद्याक्षरें असतात. तो स्वतः २००० सालीं, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षीं वारला. तुम्ही ज्यांत प्रकल्प लिहून आणतां त्या वर्डच्या 'डॉक्स' फायली आणि 'ईपब' पुस्तकें हींहि आंतून झिपचींच गाठोडीं आहेत, हें थोड्यांच्या ध्यानांत येतें.

आंखडण्याची युक्ति दुहेरी आहे. आब्राहम लेम्पेल व जेकब झिव्ह यांनीं १९७७ सालीं असें दाखविलें, कीं मजकुरांत जो भाग पूर्वीं येऊन गेला आहे तो पुन्हां लिहिण्याचें कारण नाहीं. 'इतकीं चिन्हें मागें जा व तेथून इतकीं उतरून घे' एवढी खूण पुरते. झिपच्या नेहमींच्या रीतींत अशा खुणेनें ३२,७६८ बाइटांपर्यंत मागें जातां येतें. दुसरी युक्ति डेव्हिड हफमन याची. जें चिन्ह वारंवार येतें त्यास आंखूड संकेत द्यावा, क्वचित् येणाऱ्यास लांब. ही युक्ति त्यानें विद्यार्थिदशेंत, परीक्षेऐवजीं निबंध लिहून देण्याची सवलत घेतली असतां शोधिली, व ती १९५२ सालीं छापून आली. (परीक्षा चुकविण्यासाठीं निबंध मागणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण पुढें करण्यापूर्वीं हफमनचा तो निबंध एकदां चाळून पाहावा.) मराठी मजकूर या रीतीनें चांगलाच आंखडतो. युनिकोडच्या 'यूटीएफ-८' पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचें असतें, आणि त्यांतील पहिला बाइट सर्वांचा एकच असतो. जेथें पुनरुक्ति अधिक, तेथें आंखडणें सोपें. फोटोच्या 'जेपेग' फायली आधींच आंखडलेल्या असल्यामुळें त्या बांधून जागा जवळजवळ वाचत नाहीं.

आमच्या नऊ निबंधांवरील संकट आलें तें मात्र मजकुरावर नव्हे, यादींतल्या नांवांवर. झिपची रचना झाली तेव्हां संगणकावर 'कोडपेज ४३७' नांवाची २५६ चिन्हांची वर्णमाला चाले. ती १९८१ सालच्या आयबीएमच्या घरगुती संगणकाबरोबर आलेली होती. तींत इंग्रजी अक्षरें होतीं, युरोपांतील इतर भाषांचीं कांहीं होतीं, थोडीं ग्रीक होतीं, चौकटी आंखण्याच्या रेघाहि होत्या. देवनागरी नव्हती. पुढें २००६ सालीं झिपच्या नियमांत अशी भर पडली, कीं नांव यूटीएफ-८ पद्धतीनें लिहिलें असेल तर यादींत तशी एक खूण करावी. ती खूण नसेल तर नांव जुन्या वर्णमालेंतलें आहे असें पायथॉन समजतो. त्या वर्गाच्या मॉनिटरनें गाठोडें बांधलें तें एका जुन्या प्रोग्रॅमनें. त्यानें नांवें यूटीएफ-८ पद्धतीनें लिहिलीं खरीं, पण खूण केली नाहीं. म्हणून 'नदी' या नांवांतील न, द व दीर्घ वेलांटी या तीन चिन्हांचे नऊ बाइट सुटे सुटे वाचले गेले. 'न' चा झाला आल्फा, लाटेचें एन आणि उलटें प्रश्नचिन्ह. आणि तसेंच पुढें. इंग्रजी अक्षरांचे अंक दोन्ही पद्धतींत एकच असल्यामुळें तीं नांवें मात्र निर्वेध राहिलीं.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. त्या नांवांतील एक बाइटहि नाहींसा झालेला नव्हता. विचित्र दिसणारें तें नांव पुन्हां कोडपेज ४३७ च्या अंकांत उतरवून मग यूटीएफ-८ म्हणून वाचलें, कीं 'नदी' जशीच्या तशी समोर येते. पायथॉनमध्यें हें एका ओळीचें काम आहे. ३.११ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ सालापासून, गाठोडें उघडतांनाच 'मेटाडेटा एन्कोडिंग' या शब्दानें नांवांची पद्धति सांगून ठेवण्याचीहि सोय झाली आहे. म्हणजे जी चूक आम्ही मुलांच्या माथीं मारीत होतों ती वाचणाराची होती, आणि वाचणारे आम्हीच होतों.

शिक्षकांच्या खोलींत ही हकीकत निघाली तेव्हां बहुतेकांनीं एकच उपाय सांगितला: पुढील वर्षापासून फायलींचीं नांवें इंग्रजी अक्षरांतच देण्याचा नियम करावा. कित्येक पालकांचेंहि असेंच म्हणणें पडलें. उपाय सोपा आहे व त्यानें वेळ वाचेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तो आम्हांस मान्य नाहीं. 'नदी', 'नाडी' आणि 'नादी' हे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पाहावेत. मुलें ज्या रीतीनें लिहितात त्या रीतीनें तिन्हींचें रूप एकच होतें. एकाच नांवाच्या दोन फायली एका गाठोड्यांत आल्या, तर गांठ सोडतांना दुसरी पहिलीच्या जागीं बसते व पहिली जाते. तेव्हां निबंध वांचविण्यासाठीं केलेल्या नियमानेंच निबंध हरवूं शकतो! शिवाय मुलाला आपण काय शिकवीत आहों, याचाहि विचार केला पाहिजे. यंत्राला तुझी लिपि समजत नाहीं, सबब तूंच ती सोड, असें त्यास सांगावें काय? यंत्राला ती समजते. समजून घेण्यास त्याला सांगावें लागतें, इतकेंच.

दुसरा आक्षेप असा, कीं एक बटण दाबलें म्हणजे गाठोडें सुटतें, मग मुलांनीं त्यासाठीं प्रोग्रॅम लिहिण्यास शिकण्याची यातायात कां करावी? बटणास आमचा विरोध नाहीं. पण बटण गांठ सोडून दाखवितें, बांधणी दाखवीत नाहीं. आमच्या मतें आठवीपासून प्रत्येक मुलामुलीनें असें एक गाठोडें स्वतःच्या प्रोग्रॅमनें सोडावें, व एक बांधावें. पायथॉनबरोबर 'झिपफाइल' हा विभाग विनामूल्यच मिळतो, त्यास दहा ओळीहि लागत नाहींत. आधीं 'नेमलिस्ट' या आज्ञेनें यादी वाचावी. मग 'टेस्टझिप' ही आज्ञा द्यावी. ती प्रत्येक फाइल वाचून बांधतेवेळीं नोंदलेल्या पडताळ्याच्या अंकाशीं ताडून पाहते व पहिली बिघडलेली फाइल सांगते. त्या नऊ फायलींवर ही आज्ञा आम्हीं त्याच दिवशीं चालविली असती, तर त्या निकामी नाहींत हें कळण्यास क्षणभर पुरता.

बांधण्याच्या कामांत खड्डे अधिक आहेत. गाठोडें 'डब्ल्यू' अक्षरानें उघडलें तर त्या नांवाचें जुनें गाठोडें जागच्या जागीं पुसलें जातें. असलेल्यांत भर घालावयाची तर 'ए' लिहावें लागतें. आणि जुनें असल्यास काम नाकारावें असें वाटत असेल तर 'एक्स'. यंदा वर्गांत एका मुलीनें पहिल्या सत्राच्या टिपणांचें गाठोडें 'डब्ल्यू' नें उघडलें, आणि तें रिकामें पाहून ती म्हणाली, "सर, यानें मला आधीं विचारलें कां नाहीं?" प्रश्न वाजवी होता. प्रोग्रॅम विचारीत नाहीं, सांगितलें तेवढें करतो. सुदैवानें तिच्या मैत्रिणीकडे प्रत होती. दुसरी मौज अशी, कीं हा विभाग आपण होऊन कांहींच आंखडीत नाहीं, फायली जशाच्या तशा ठेवतो. आंखडावयाचें असेल तर 'डिफ्लेटेड' असें स्पष्ट सांगावें लागतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे गाठोडें बंद करणें. यादी शेवटीं लिहिली जात असल्यामुळें, बंद करण्यापूर्वींच प्रोग्रॅम बंद पडला तर आंतले निबंध राहतात आणि यादीच नसते. म्हणून 'विथ' या शब्दानें सुरुवात करावी. मग आपण विसरलों तरी बंद करण्याचें काम आपोआप होतें.

परक्याचें गाठोडें असेल तर आणखी सावध राहावें. '४२ झिप' नांवाची एक कुप्रसिद्ध फाइल अवघ्या ४२ किलोबाइटांची आहे, पण तिच्या आंतलीं सर्व गाठोडीं सोडीत गेलें तर सुमारें साडेचार पेटाबाइट मजकूर बाहेर पडतो. एवढा कोणत्याहि घरच्या संगणकांत मावणार नाहीं. कांहीं गाठोड्यांत नांवेंच अशीं लिहिलेलीं असतात, कीं फाइल आपल्या ठरलेल्या जागीं न पडतां दुसऱ्याच्या खणांत जाऊन पडावी. २०१८ सालीं 'झिप स्लिप' या नांवानें ही लबाडी पुष्कळ गाजली. पायथॉनचा झिपफाइल विभाग असलीं नांवें शक्य तितकीं सुधारून घेतो. तरी यादी आधीं डोळ्यांखालून घालावी, हेंच बरें.

त्या नऊ निबंधांचें पुढें काय झालें, तें सांगणें उरलें. बक्षिसें वांटलीं गेलीं होतीं, तीं परत मागणें शक्य नव्हतें व योग्यहि नव्हतें. नऊहि निबंध आम्हीं वाचले. पांच साधारण होते, तीन चांगले होते, आणि 'नदी' त्या वर्षींच्या कोणत्याहि निबंधापेक्षां सरस होता. तो या अंकांत याच नांवानें छापला आहे. यंदाची सूचना काढतांना इंग्रजी नांवांचें तें वाक्य घालावें, असें पुन्हां एकदां सुचविण्यांत आलें. आम्हीं तें घातलें नाहीं. त्याऐवजीं मॉनिटरांना प्रत्येकीं एक दहा ओळींचा प्रोग्रॅम दिला आहे, आणि तो त्यांच्यापैकीं कोणीं आणखी आंखूड करून दाखविला तर आम्हांस हवाच आहे.