जुन्या गाडीचं हरवलेलं ॲव्हरेज

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे. टेकडीचा तो भाग कित्येक पुणेकरांच्या तोंडी ‘एआरएआयची टेकडी’ म्हणूनच असतो. नव्या गाडीच्या जाहिरातीत ‘लिटरला इतके किलोमीटर’ म्हणून जो आकडा झळकतो, तो अशाच प्रयोगशाळेत ठरतो. गाडी रस्त्यावर नसते, रोलर्सवर उभी असते. एसी बंद, खड्डे नाहीत, डावीकडून घुसणारी रिक्षा नाही आणि वेग ताशी ९० च्या वर जात नाही.

पंधरा वर्षांनंतर मालकाला त्या चाचणीतलं काही आठवत नाही, आकडा मात्र तोंडपाठ असतो. ‘पूर्वी अठरा द्यायची, आता तेरावर आली’ असं म्हणत तो गॅरेजात येतो आणि इंजिन म्हातारं झालं असं मानून दोनच प्रश्न विचारतो. काही बसवता येईल का? की काढूनच टाकू?

दोन्ही प्रश्न चुकीच्या टोकाने सुरू होतात. जुन्या छोट्या गाडीचं ॲव्हरेज वाढवायचं म्हणजे तिला नवं काही जोडायचं नसतं. वर्षानुवर्षांच्या हयगयीत जे गेलं, तेवढंच परत मिळवायचं असतं. कंपनीने दिलं त्याहून जास्त ती देणार नाही, पण गेलेल्यातलं बरंचसं परत येतं. आणि ते थोडंथोडकं नसतं. महिन्याला ६०० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १४ देत असेल तर जवळपास ४३ लिटर पेट्रोल लागतं, १७ वर आली तर ३५ लिटर. लिटरला १०० रुपये धरले तरी महिन्याला साडेसातशे रुपये हातात राहतात. नव्या गाडीचा हप्ता यात भागत नाही, म्हणून केवळ ॲव्हरेजसाठी जुनी गाडी विकणाऱ्याने एकदा वही घेऊन बसावं.

वही लागतेच. पाचशेचं पेट्रोल टाकून काटा कुठे आला हे बघणं म्हणजे मोजणं नव्हे. टाकी एकदा पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, तीनशे-साडेतीनशे किलोमीटरनंतर शक्यतो त्याच पंपावर तशीच पुन्हा भरावी आणि चाललेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागावं. असं तीन वेळा केल्यावर जो आकडा येतो तो खरा. मध्यंतरी कोणी हौसेने मोठे टायर बसवले असतील तर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी अंतर दाखवतो, हेही ध्यानात ठेवावं. कारण काही गाड्यांचं ॲव्हरेज फक्त कागदावरच पडलेलं असतं.

मग चाकांपासून सुरुवात करावी. टायरमध्ये हवा किती हवी, हे बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. ते न वाचता आपण पंक्चरवाल्याला ‘टाक तीस-बत्तीस’ सांगून मोकळे होतो. हवा टायर गार असताना बघायची. एवढं केलं की पुढची गोष्ट ब्रेकची, आणि तिच्याकडे फारसं कोणाचं लक्षच जात नाही. मारुती ८०० किंवा जुनी अल्टो ही पाऊण टनाच्या आसपासची गाडी. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये ठेवून एका माणसाने जोर लावला की ती हलली पाहिजे. हलत नसेल तर कुठेतरी ब्रेक धरून बसला आहे. पाच-सात किलोमीटर ब्रेक जपून वापरत चालवावी, उतरून चाकांच्या रिमजवळ हात न्यावा. पुढची दोन चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच, तुलना डाव्या-उजव्याची करायची. डावं कोमट आणि उजवं चटका देत असेल तर चोर सापडला. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची केबल गंजते, लायनर ड्रमला चिकटतात आणि पुढे वर्षभर इंजिन त्या ब्रेकशी कुस्ती खेळत राहतं. ग्रीसिंग आणि सफाईचा खर्च त्यामानाने किरकोळ.

आणखी एक दुखणं तर मेकॅनिकनेच दिलेलं असतं. गाडी एकदा घाटात गरम झाली की ‘आपल्याकडे एवढा उकाडा, याची गरजच काय’ म्हणत कित्येक गॅरेजांत थर्मोस्टॅट काढून टाकतात. मालकही खूश, कारण काटा खाली राहतो. पण तो वॉल्व्ह असतो तो इंजिनाला लवकर योग्य तापमानावर आणण्यासाठी. तो नसला की हिवाळ्यातल्या सकाळी, विशेषतः हायवेवर, इंजिन नीट तापतच नाही. इंजेक्शनच्या गाडीतला कॉम्प्युटर इंजिन अजून गार आहे असं समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. काही शे रुपयांचा एक भाग वाचवला आणि त्याची किंमत प्रत्येक टाकीत मोजली.

एअर फिल्टरच्या बाबतीत उलटा गैरसमज आहे: तो चोंदला की ॲव्हरेज पडतंच, असं मानलं जातं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासलं. इंजेक्शनच्या गाडीत चोंदलेल्या फिल्टरने पिकअप मरतो, ॲव्हरेज मात्र फारसं पडत नाही, कारण कॉम्प्युटर हवेच्या मापाने पेट्रोल कमी करतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला तो फटका बसतो. म्हणून एकाच सल्ल्याने १९९५ ची ८०० आणि २००८ ची अल्टो दोन्ही सुधारणार नाहीत. पहिलीत चोकची केबल अर्धवट अडकली आहे का ते पाहावं. दुसरीत ‘चेक इंजिन’चा दिवा लागत असेल तर त्यावर काळी टेप चिकटवण्याऐवजी स्कॅनर लावून ऑक्सिजन सेन्सर तपासावा. तो साफ बिघडला तर नासाडी काही टक्क्यांवर थांबत नाही.

पेट्रोलच्या नळीला लावायचे लोहचुंबक, लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची दिवा लुकलुकणारी डबी, टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर पैसे घालवू नयेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने असली शंभराहून अधिक उपकरणं तपासली, त्यांतली जेमतेम मोजकी काही उपयोगाची निघाली.

गाडी ठीक झाली की उरतो उजवा पाय. ताशी ६० वरून ८० वर गेलं की हवेचा अडथळा पावणेदोन पटीच्याही वर जातो. पेट्रोलियम संवर्धनासाठी १९७८ मध्ये स्थापन झालेली पीसीआरए ४५ ते ५५ चा वेग सुचवते, एक्स्प्रेस-वेवर मात्र तो कोणी मनावर घेणार नाही. खरा हट्ट धरावा तो घाटात. उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवण्याची विद्या आपल्याकडे बापाकडून मुलाकडे आली आहे, पण ती कार्ब्युरेटरच्या काळातली. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोलचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळतच राहतं. शिवाय इंजिनाचा धरून ठेवणारा जोर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. खंबाटकी उतरताना ब्रेकच्या जळक्या वासाने ज्याला एकदा घाम फुटला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

एवढं सगळं करूनही एक तूट उरते, आणि ती मालकाच्या पान्याने भरून येत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता, आणि असं इंधन स्वस्त द्यावं अशी शिफारसही होती. उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला आणि साखर कारखान्याला इथेनॉलचा आधार मिळतो, परकीय चलन वाचतं, हे मान्यच. पण २००८ च्या अल्टोवाल्याने त्याचा वाटा गुपचूप उचलावा हे पटत नाही. घट किरकोळ आहे असं म्हणून सरकार हात झटकतं. ती किरकोळ असेल, तर किमतीत भरून देणंही किरकोळच पडेल.

पंपावरचा मुलगा नोझल टाकीत घालण्याआधी ‘साहेब, झिरो बघून घ्या’ म्हणतो. झिरो बरोबर असतो, लिटरही बरोबर भरतात. लिटरमागचा दर मात्र तोच, पूर्वीच्या पेट्रोलचा.